मास्तरांची वही अर्धी छापायची न्हाई

छापायची तर दोन्ही पानं छापा. एका पानाची वही मास्तरांनी लिहिलीच न्हाई. शमुवेलभाऊ, तुमी मंडळीचे सेक्रेटरी, आत्ताच माईकवर सांगितलं की याकोब मास्तरांच्या आठवणीसाठी त्यांच्या वहीतलं निवडक छापून नाताळाला वाटणार. निवडक म्हंजे कोणतं, ते मला सकाळीच कळलं. फक्त लाल पेन्सिलीचं. कुराणात मास्तरांना काय पटलं न्हाई, तेवढंच. बाकीचं तुमी गाळून राहिले.

माफ करा, मंडळी. मास्तरांना मातीत ठेवून आठ दिस झाले. कोण पुसेगावहून आलं, कोण डोंगरकड्याहून. मला दोन शब्द बोलायला उभं केलं आन् मी भांडण काढलं. काय करू? मला रडता येतं, भांडता येतं. भाषण येत न्हाई.

ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगते. मी मार्था. दवाखान्यात आया हाय, बाळंतपणं करते. शाळा दुसरी. वाचायला मास्तरांनी शिकवलं, तिशी उलटल्यावर, शुभवर्तमानावर बोट ठेवून. मास्तर आपल्या मंडळीचे प्रचारक. आन् तिकडं मागं, चपला काढल्यात तिथं बसलेत ते करीमचाचा. पिंजारी हायेत, गाद्या भरतात. चाचा, पुढं या म्हणलं तर येणार न्हाईत तुमी. बसा तिथंच.

या दोघांनी पंधरा वर्षं दर गुरुवारी दुपारी चर्चच्या ओसरीवर बैठक केली. मास्तर आपलं शास्त्र घेऊन, चाचा त्यांचं कुराण घेऊन. एका बाजूला अरबी, एका बाजूला मराठी, असं छापलेलं. एक गोष्ट घ्यायची. तुमच्यात काय, आमच्यात काय. मी झाडता झाडता ऐकायची. मग झाडू ठेवून ऐकायला लागले.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय वही कळणार न्हाई.

आवडलेल्या वचनाखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारायची, ही सवय मला मास्तरांनीच लावली. तुमी सगळे मारता. आपल्या शास्त्रात रेघा असतात, समासात लेकरांच्या जन्माच्या तारखा असतात, वाळलेली फुलं असतात. एका गुरुवारी मरियेचा विषय निघाला. नमाजाची वेळ झाली म्हणून चाचा वुजूला, हातपाय-तोंड धुवायला, नळावर गेले. कुराण रेहलवर, त्यांच्या लाकडी घडवंचीवर, उघडं. मी वाकून वाचलं. आपलीच मरिया. एकटी, गावापासून लांब, खजुराच्या बुंध्याशी, कळा येऊन राहिल्या. आन् ती म्हणती, याच्याआधीच मेले असते तर बरं झालं असतं.

बायांनो, हे मी दर महिन्याला ऐकते. आपल्या शास्त्रात गव्हाण हाय, मेंढपाळ हायेत, बाळाला गुंडाळलेलं फडकं हाय. कळा न्हाईत. मला राहवलं न्हाई. पदराला पेन्सिल बांधलेली व्हती. मारली रेघ. चांगली जाड.

चाचा आले, बघितलं. कुराण कपड्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आन् गेले. दोन गुरुवार आले न्हाईत. मी मास्तरांना म्हणाले, काय एवढं झालं, आवडलं म्हणून तर मारली. मास्तर काठी घेऊन उठले. चल म्हणाले, त्यांच्या घरी.

चाचा कापूस पिंजत व्हते. भुवयांवर सगळा कापूस. मी माफी मागितली. ते म्हणाले, बाई, तुमचा राग न्हाई, पण ह्ये जसं वरून उतरलं तसंच ठेवायचं असतं, यात आमी टिंबबी वाढवत न्हाई. वुजू केल्याबिगर हात लावत न्हाई. मग त्यांनी आमाला चहा पाजला. साखर डबल.

परत येताना मास्तर चिंचेखाली थांबले. मला म्हणाले, "मार्था, त्यांच्यात देवाचा शब्द पुस्तक होऊन आला. आपल्यात माणूस होऊन आला. म्हणून तू पुस्तकावर बिनधास्त रेघ मारतीस. पण त्या माणसावर लोकांनी खिळे मारले, ते विसरू नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणली. जाड पुठ्ठ्याची. म्हणाले, रेघा मारायच्या तर इथं. डाव्या पानावर आपलं. उजव्या पानावर चाचा सांगतील ते, चाचांच्याच शब्दांत. खाली लाल पेन्सिलीनं मास्तरांचं मत. अशी ती वही झाली. माझ्या चुकीनं झाली, म्हणून मी बोलून राहिले. दुसरा अधिकार मला न्हाई.

शमुवेलभाऊ, तुमी अब्राहामाचं पान घेतलंय, लेकराचा बळी द्यायला निघाला ते. लेकराचं नाव आपल्यात इसहाक, त्यांच्यात नाव लिहिलेलं न्हाई, चाचा इस्माईल म्हणतात. मास्तरांना ते पटलं न्हाई, लाल लिहिलं, बराबर. पण त्याच लालच्या खाली पुढं काय हाय? त्यांच्यात बाप आधी लेकराला विचारतो, मला असं स्वप्न पडलं, तुझं काय मत? मास्तरांनी लिहिलंय, हे विचारणं मला फार आवडलं. हेबी लालच हाय की. हे काहून गाळलं?

आन् मरियेचं पान तर तुमी आख्खंच काढलं.

आपला जिल्हा नवीन झाला त्या सालची गोष्ट. तांड्यावरून बोलावणं आलं. पहिलटकरीण पोरगी, सकाळपासून अडलेली, जीप मिळंना. पोरगी म्हणू लागली, मला मरू द्या. मी तिला चाचांच्या पुस्तकातली मरिया सांगितली. ती बी म्हणली व्हती मरू द्या, मग आवाज आला, दुःख करू नको, झाड हलव. पोरीनं झोपडीची मेढ धरली. असली हलवली की छपरातला कचरा माझ्या डोक्यावर. दुपारी लेकरू झालं.

मग मला भ्या वाटलं. मी ख्रिस्ती, त्यांच्या पुस्तकातलं सांगितलं. पाप झालं काय? मास्तरांना विचारलं. मास्तर हसले आन् वहीत उजव्या पानावर तारीख टाकून ते लिहून ठेवलं. तेच पान तुमी काढलं, भाऊ.

तुमी म्हणता, लोकांचा विश्वास डळमळंल. माझा डळमळला काय? मास्तरांचा? वधस्तंभाच्या पानावर बघा. चाचा म्हणाले, अल्ला आपल्या पैगंबराला अशा लोकांच्या हाती मरू देणार न्हाई, त्यानं ईसाला, म्हंजे आपल्या येशूला, वर उचलून घेतलं. मास्तर म्हणाले, माझा देव तर मरणात उतरला, म्हणून मी मरणाला भीत न्हाई. मी मास्तरांच्या बाजूची हाय. माझा नवरा गेला तेव्हा मला उचलून घेतलेला प्रभू नको व्हता. जखमा असलेला पाहिजे व्हता. हे मी चाचांच्या तोंडावर सांगितलंय. ते नाराज झाले न्हाईत. म्हणाले, लिहा.

शेवटच्या दिसांत चाचा मास्तरांच्या खाटेशी बसायचे. एकदा म्हणाले, मास्तर, तुमी काही बदलले न्हाईत. मास्तर म्हणाले, तुमीबी न्हाईत. चाचा म्हणाले, मग पंधरा वर्षं केलं काय आपण? मास्तरांना धाप लागली व्हती, तरी म्हणाले, "गुरुवार केले."

असा माणूस व्हता. त्याच्या नावानं चाचांच्या धर्माला नुसती नावं ठेवणारं पुस्तक नाताळाला वाटायचं? आन् चाचांच्या हातात पडलं तर? त्यांनी विश्वासानं सांगितलं आन् मास्तरांनी विश्वासानं लिहिलं. मास्तर आता येऊन सांगणार न्हाईत की मी असं लिहिलं न्हाई. म्हणून मी सांगून राहिले.

मास्तर, तुमचं शिकवलेलं वाचून मी इथं उभी हाय. तुमाला माझा शेवटचा जय ख्रिस्त.

आता सगळे उभे राहा. चाचा, तुमीबी. दोन मिनिटं कुणी बोलू नका, लेकरांना जवळ घ्या.

बसा आता. शमुवेलभाऊ, वही तुमच्या कपाटात हाय आन् किल्ली तुमच्या खिशात. येत्या रविवारी उपासना सुटायच्या आत, सगळ्यांसमोर मला उत्तर पाहिजे. दोन्ही पानं छापता, का वही चाचांच्या आन् माझ्या हातात देता?