माहेरचं नाव

मी आसेगावची, मनियाराची पोरगी. मनियार म्हंजे आमी बांगड्यावाले. अब्बा पोहरादेवीच्या यात्रेत दुकान लावत अन् अम्मी टोपलं घेऊन घरोघरच्या बायायले बांगड्या भरे. घरात आमी हिंदी बोलतो, पन बायाइचा हात हातात घेतला का गावचीच बोली लागते, म्हून माई जबान ही अशी, मुंबईत इतके वर्स काढले तरी काई बदलली नाई. दहावी झाली तवा सगये म्हने आता निकाह उरकून टाका. अम्मी म्हने उरकू ना, पयले थोडी शिकू द्या. हे पयले-पयले तिनं दहा-बारा वर्स चालवलं, अन् मी डॉक्टरेट होऊन बसली.

माह्यं काम काय, तर मायबापाकडून लेकराच्या अंगात जो मजकूर येते, जीन म्हनतात त्याले, त्याच्यात काई घरात एक चूक असते, अन् ती चूक ज्या बाईत येते तिले छातीच्या कॅन्सरचा धोका लय वाढते. ते चूक हुडकाची. शहरातल्या बायाइचं रक्त सगयेच तपासतात, मी जिद्दच धरली का आपल्या वाशीम जिल्ह्यातले घरं तपासाचे. मुंबईचे माहे साहेब म्हने, खेड्यात कोन तुमाले रक्त देईल? म्हनलं, मनियाराच्या पोरीले देतील.

पयलं घर घेतलं वंदनाचं. वंदना म्हंजे माई शाळेतली मैत्रीन, शेतकऱ्याची पोरगी. तिच्या बापाले इचारून मी घराची वंशावळ कागदावर काढली. काका म्हने, मले दोन बह्यनी होत्या, एक तापानं गेली अन् एक बायंतपनात. मी तसंच लेयलं, अन् कॅन्सरचं काई नाई म्हून त्या घरचं रक्त घेतलंच नाई. वंदनानं इचारलं, मले तर काई भेव नाई ना? मी म्हनलं, बेफिकीर राह्य, तुह्या घरात काई नाई. आता काय सांगू तुमाले, ते वाक्य अजून मले टोचते.

मंग मी जऊळका, मानोरा असे बाकीचे गावं फिरली. तिथं दोन घरच्या सुना छातीच्या गाठीनं गेलेल्या, एक कुसुम, एक सुमन. येगयेगये घर, येगयेगये कागद. नियमानं ते कोनाले दाखवाचे नसतात, पन एक दिवस चुलीजवय बसून मी नावं पुटपुटत होती अन् अम्मीनं आयकलं. म्हने, जऊळक्याची कुसुम? ते तर आपली गंगू, वंदनाची आत्या. अन् मानोऱ्याची सुमन म्हंजे तिची लहान बह्यीन, बेबी.

लग्नात पोरीचं नाव बदलतात, हे मले का माहीत नव्हतं? जलमापासून पाहून राह्यली मी. पन कागदावर मी सासरचंच नाव लेयलं अन् दोघी बह्यनी दोन परक्या घरच्या होऊन गेल्या.

मी म्हनलं, अम्मी, पन काका तर ताप अन् बायंतपन म्हने. अम्मी म्हने, गंगू माहेरी आलती, तिच्या डाव्या हातात नेहमीच्या मापाची बांगडी जाईच ना, हात सुजून गेलता, तवा तिनं मले काखेतली गाठ दाखोली अन् म्हने, बाई, कोनाले सांगू नको, घरात पोरीइचे लग्न व्हाचे हायेत. बेबीचं बी तसंच. वीस वर्स अम्मीनं ते पोटात ठेवलं, अन् मीनं कधी इचारलं नाई. रक्त मानसायले मागत फिरली, पन जिनं सगया बायाइचे हात धरले तिले इचाराचं सुचलं नाई. माह्या शिक्षनाचा मले त्या दिवशी राग आला.

सकायीच वंदनाच्या घरी गेली. म्हनलं, वंदे, मी चुकली, तुह्यं रक्त घ्याचं हाये. ते रडली, रागावली, म्हने बाबाले नको सांगू. पन रक्त देल्लं. चूक निंघाली. लगेच तपासनी केली तर छातीत तुरीच्या दान्याएवढी गाठ, तिच्या हाताले बी लागली नव्हती. ऑपरेशन झालं, औषधं झाले, लय हाल झाले पोरीचे.

मंग एक दिवस काका आपल्या पायानं आमच्या घरी आले. अम्मीसमोर बसले, सदऱ्याची बाही वर केली अन् म्हने, पोट्टे, माह्या बह्यनी म्या लपोल्या, आता माह्यं रक्त घे, अन् त्याइचे नावं नीट लेय. काकाइच्या रक्तात बी ते चूक होती, बापाकडूनच वंदनाले आलती. त्याच्यानंतर त्या कुळातल्या सगया पोरी तपासाले आल्या, ज्यायच्या सोयरिकी चालू होत्या त्या बी. आता माह्या प्रत्येक कागदावर माहेरचं नाव पयले लेयतो आमी. अजून कितीतरी गावं राह्यले, अन् जवरी पाय चालतात तवरी मी थांबत नाई.

अम्मीले आता दिसत नाई नीट, टोपलं कवाच सुटलं. पन परवा वंदना आली, म्हने चाची, तुमच्याच हातून भराच्या. डावा हात ऑपरेशनानं जरासा जड हाये तिचा. मी म्हनाले गेली का अम्मी, त्या हातात घट्ट नको. अम्मी म्हने, तू मले शिकोतं का? चाचपूनच तिनं उजव्या हातात नेहमीच्या मापाच्या भरल्या, डाव्या हातात एक माप मोठ्या, सैल, अन् वरून एक आपल्याकडची जास्तीची. म्हने, बेटी, अल्ला हा हात असाच भरलेला ठेवो, बुढी होईपर्यंत.