तोगाशीचा डबा

…तो नको, साहेब, तो खाली ठेवा. या फळीवरचे बघा ना, सगळे माझ्या हातचे — चेरीची साल, तापलेल्या इस्त्रीनं बसवलेली, कुठे डाग नाही. काय? तोच हवाय? तोगाशीनं पाठवलंय तुम्हाला? वाटलंच मला! प्रदर्शन त्याचं, आणि चहाचा डबा माझ्या घरातला. वा रे वा! एकाच गुरूकडे शिकलो आम्ही, सरस एकाच भांड्यातला — पण कौतुक मात्र त्याचंच. आता म्हणे सरकारी मान मिळालाय. मिळू दे की, मला काय त्याचं? मी नाही जळत.

झाकण ठेवून बघा. बघा, कसं आपोआप, सावकाश खाली उतरतंय — जमतं मेल्याला, नाही कोण म्हणतंय? आमच्या लग्नात दिला त्यानं. मीही केला होता एक, हात्सुएसाठी, अख्खा हिवाळा घालवून. तो तिनं रेशमात गुंडाळून पेटीत ठेवला. म्हणायची, तुमच्या हातचा, रोज वापरून खराब कसा करू? आणि रोज सकाळी चहा कुठून काढायची? याच्यातून! चहा काढला की तळव्यानं एकदा पुसायची. जन्मभर. माझ्यादेखत.

ही साल हात फिरेल तशी उजळते, तुम्हाला ठाऊक असेलच. हे बघा, पेटीतला माझा — आहे का तेज? मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा. ती गेली त्या दिवशी तोगाशी आला, उदबत्ती लावली, आणि हाच उचलून म्हणतो, "छान उजळलाय हं माझा डबा." तुझा? अरे, तू साल चिकटवलीस, एवढंच. उजळवला कोणी?

तुमच्या त्या पाटीवर नाव कोणाचं घालणार? तोगाशीचं ना? मग हा माझा न्या. कोराच आहे, कुणाचा हात लागलेला नाही याला, खुशाल मांडा काचेत. तो नाही मिळणार. वापरात आहे तो — म्हणजे, चहा डॉक्टरनं बंद केलाय माझा, पण सकाळी पुसावा लागतो ना.

अहो, बोटं काढा त्याच्यावरून! काढा म्हणतो ना! चला, निघा आता, दुकान बंद करायचंय मला.