हिरवं झाकण की पिवळं?

शनिवारी ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावात, हार्डवेअरच्या दुकानाबाहेर देणगीसाठी भाजून विकल्या जाणाऱ्या सॉसेजच्या रांगेत उभ्या असलेल्या लिंडसेने मनाशी ठरवून टाकलं होतं, की आपला ब्लॉग कुत्रंही वाचत नाही, तेव्हा आज तो बंद करायचा. तेवढ्यात पुढच्या दोघींच्या तोंडून ब्लॉगचं नाव आलं आणि त्याने कान टवकारले.

“ग्लेनिस, ‘कुंपणाकाठी’ वाचतेस ना गं?”

“म्हणजे काय! दर मंगळवारी. न चुकता!”

लिंडसेने पोट आत घेतलं.

“काय लिहितो गं तो एवढं?”

“मला काय ठाऊक? मी सरळ तळाला जाते. उद्या कचऱ्याचा कुठला डबा बाहेर ठेवायचा, हिरव्या झाकणाचा की पिवळ्या, ते तिथे असतं.”

“मीही तेवढंच बघते! वर नुसता मोठ्या कंपन्यांच्या नावाने खडे फोडत असतो.”

“पण या मंगळवारी मेल्याने लिहिलंच नाही. अख्ख्या गल्लीने हिरवा ठेवला आणि गाडी आली पिवळ्याची!”

“बरा असेल ना गं? एकटाच राहतो.”

“तुला कसं कळलं?”

“एकदा चुकून वरचं वाचलं. तो मॅगपाय पक्षी मागून येऊन डोक्यात चोच मारतो म्हणून टोपीला मागून डोळे रंगवलेत म्हणे. हसून हसून मेले!”

लिंडसे खाकरला. “येत्या बुधवारी हिरवा.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी वरचंही वाचतो,” असं म्हणून तो सॉसेज न घेताच घराकडे वळला. त्याच्या टोपीमागचे दोन रंगीत डोळे त्या दोघींकडे टकामका बघत राहिले.