तुरपाई

डोळ्यांत थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या मास्तरीणबाईंच्या शेजारी एक जोडपं येऊन टेकलं.

“मोतीबिंदू काढल्यावर लेन्स जवळचं दिसणारी बसवायची की लांबचं, ते आजच सांगा म्हणतायत.”

“जवळचं सांगा. शिवणकामावर पोट आपलं.”

“आणि स्कूटर?”

“त्याला चष्मा लावा.”

“दोन्ही दिसणारी असते म्हणे.”

“तुमच्या डोळ्याला ती चालणार नाही, आत्ताच म्हणाले ना डॉक्टर?”

“मग लांबचीच. सुई काय, हातालाच दिसते माझ्या.”

“हाताला दोऱ्याचा रंग दिसतो?”

“म्हणजे?”

“वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने तुरपाई केलीत.”

“काहीतरीच! ते चकार शब्द बोलले नाहीत.”

“कसे बोलतील? मी घरी उसवून काळा दोरा घातला.”

मास्तरीणबाईंनी डोळे न उघडताच मान त्यांच्याकडे वळवली.

“असं किती उसवलंस?”

“जाऊ द्या ना आता.”

“कधीपासून?”

“आपल्या थोरलीच्या लग्नापासून.”

“लग्नातला तिचा ब्लाउज मी शिवला होता. अख्खी रात्र बसून.”

“हो.”

“तो तरी...”

“तुमचा नंबर पुकारतायत. उठा, माझा हात धरा.”