कोंडीच्या डोहावरची आवस

ऐका. पण आधी ते दार लोटून घ्या. पुरतं नको, थोडी फट राहू द्या, मला गुदमरतं. आणि कंदिलाची वात बारीक करा. अगं एवढी नको! मला तुमची तोंडं दिसली पाहिजेत. कोण घाबरलं ते मला बघायचंय.

आता मधे बोलायचं नाही. खोकला आला तर खोका.

तुमच्या या गावात मी सून होऊन आले, त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. माझं माहेर भीमेच्या काठावर, भोयांच्या वस्तीत. पिढ्यानपिढ्या मासेमारी. आमचा बा त्याच नदीने नेला. आमच्या वस्तीच्या खाली एका कोसावर कोंडीचा डोह आहे. श्रावणातल्या पुरात बाचं जाळं तळाला अडकलं. ते सोडवायला तो खाली उतरला, आणि वर आलाच नाही. सगळ्या वस्तीने चार दिवस डोह ढवळला. काही मिळालं नाही. डोक्याचं मुंडासंसुद्धा नाही.

मागे उरलो आम्ही तिघं. आई, मी आणि माझा थोरला भाऊ, सुदामदादा. दादा जाळं सोडायचा, मी वल्हं मारायची. लोक हसायचे, पोरगी होडी चालवते म्हणून. दादा म्हणायचा, "हसू दे. माझी गोदी वल्हं मारते तेव्हा पाण्याला कळतसुद्धा नाही." मला दादा असला की काही कमी वाटायचं नाही. ध्यानात ठेवा हे. दादा म्हणजे माझं सगळं होतं.

आणि दादा हुशार किती! पंचांग कधी बघायचा नाही. उजेडाच्या पंधरवड्यात मासा खोल जातो, त्याला जाळं दिसतं. अंधाराच्या पंधरवड्यात काठाला येतो. चांद कधी उगवणार ते धरून दादा जाळं टाकायचा, आणि चांद वर यायच्या आत उचलायचा. पूर्वेकडून गार वारा सुटला की म्हणायचा, "चल घरी. आज मासा तोंड उघडत नाही." आणि उकाडा दाटून वारा पडला, पाणी तेलासारखं झालं, की हात चोळायचा. पावसाच्या आधीची ती वेळ. तेव्हा मासा वर येऊन हवा गिळतो. तुम्ही ऐकलाय का तो आवाज? पुच. पुच. अंधारात कोणीतरी ओठ मिटल्यासारखा.

तर भाद्रपदाचा अंधारा पंधरवडा होता. पितरांचा. आम्ही दोघं वस्तीपासून तीन कोस खाली एका बेटावर जाऊन राहिलो. गवताची खोप बांधली. रात्री मासे धरायचे, दिवसा धुरावर सुकवायचे. माणूस काणूस कोणी नाही. षष्ठीला निघालो होतो. दादाने एक सुतळी खोपीच्या मेढीला बांधली, आणि रोज संध्याकाळी तिला एक गाठ मारायचा. षष्ठीची एक, सप्तमीची एक, अशा. नववी गाठ बसली की चतुर्दशी. चतुर्दशीच्या रात्री निघायचं, पहाटे घरी पोचायचं, कारण दुसऱ्या दिवशी सर्वपित्री आवस. घरोघर पितरांची पानं मांडायची.

आणि आवसेच्या रात्री आमच्यात कोणी भोई पाण्यात जाळं टाकत नाही. का? त्या रात्रीचा मासा बुडालेल्यांचा असतो. नदीत जेवढे गेले, तेवढ्यांचा. त्यांच्या ताटात हात घालायचा नाही. माझ्या पणज्यापासून हा नेम होता, आणि दादानेही तो कधी मोडला नव्हता.

नववी गाठ बसली. आठ दिवस आभाळ भरलेलं होतं. चांद नाही, चांदणी नाही. हस्ताचा पाऊस वर लटकलेला, पण पडत नव्हता. उकाडा असा की अंगावरचं लुगडं चिकटलेलं. आम्ही सुकवलेले मासे पाटीत भरले, अंधार पडल्यावर होडी सोडली. घराकडे.

दोन कोस आलो आणि दादाने वल्ह्यावर हात ठेवला.

"गोदे, थांब. कोंडीवर एक फेर टाकू."

बा गेल्यापासून तिथे कोणी जाळं टाकलं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, नको. सरळ घरी जाऊ."

"अगं, उद्या बाचं पान मांडायचं. त्याला मरळ किती आवडायची! वाळका मासा ठेवू का त्याच्या पानावर? चार वर्षांत एकदाही ताजी मरळ ठेवली नाही आपण. आणि मरळ कोंडीशिवाय नाही."

"आणि आवस?"

"आवस उद्या. गाठी मोजल्यात मी. आज चतुर्दशी. चांदाची कोर पहाटे निघेल, तोवर आपण आईच्या चुलीपाशी."

"तुझ्या गाठी चुकल्या तर?"

"तुझं लग्न होईल तेव्हा नवऱ्याला असं विचार. पळून जाईल बिचारा."

मी हसले. हसले, म्हणून चूक माझीपण. मी नको म्हणून बसले असते तर होडी वळली नसती. वल्हं माझ्या हातात होतं.

कोंडीत शिरलो. दोन्हीकडे काळी दरड, मधे पाणी. वारा ठार पडलेला. आणि मासे! पुच. पुच. पुच. सगळा डोह हवा गिळत होता. दादाचे डोळे लकाकले. जाळं आडवं सोडलं. जाळ्याला वर तरंगायला वाळलेले भोपळे असायचे तेव्हा. भोपळे ओळीने पाण्यावर बसले. जाळ्याची दोरी दादाने मनगटाला एक वेढा देऊन धरली.

तंबाखू मळून होईपर्यंत भोपळे हलले. एक बुडाला. दुसरा बुडाला. दादाने जाळ्याचं टोक वर घेतलं. मरळ! हातभर लांब! मग दुसरी. तिसरी. चौथी.

दादा हसत होता. मी कंदील जवळ नेला. ऐकताय ना? मरळ कशी असते माहीत आहे ना तुम्हाला? पाण्याबाहेर काढली तरी घटकाभर तडफडते, होडी ठोकून काढते. या चारही गप्प पडल्या होत्या. कल्ले हलत नव्हते. हात लावला तर विहिरीच्या तळासारख्या थंड. आणि चौघींची तोंडं एकाच बाजूला. डोहाच्या मध्याकडे.

मी एकीला पायाने फिरवलं. जरा वेळाने पाहिलं, तर तिचं तोंड परत तिकडेच.

"दादा, हे मासे बरे नाहीत. टाकून दे. चल."

"थकलेत गं. जाळ्यात दमतो मासा." पण त्याने त्यांना पुन्हा हात लावला नाही.

आणि तेवढ्यात उजेड झाला.

पाणी चमकायला लागलं. पांढरं. दादा म्हणाला, "ढग फाटले बघ. चांद निघाला." मी पाण्यात पाहिलं. खरंच चांद. चांगला वाटोळा, परातीएवढा, होडीपासून दहा हातांवर.

वाटोळा! चतुर्दशीला? अंधाऱ्या पंधरवड्याच्या शेवटाला वाटोळा चांद?

मी वर पाहिलं.

वर काही नव्हतं रे बाबांनो. काळं, दाट आभाळ. ढग फाटले नव्हते, एक चांदणी नव्हती. चांद फक्त पाण्यात होता.

दादालाही कळलं. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि ओठांनी मोजायला लागला. षष्ठी, सप्तमी, अष्टमी... पुन्हा पहिल्यापासून. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "गोदे, एक तिथी गळाली असेल तर?"

तिथी गळते कधीकधी. दोन तिथ्या एकाच दिवसात येतात. गाठीला ते कळत नाही. चांद दिसत असता तर दादाला कळलं असतं, पण आठ दिवस आभाळ झाकलेलं. आज आवस होती. सर्वपित्री. आणि आमचं जाळं डोहात होतं.

"उचल," मी म्हटलं. "उचल आणि चल."

दादाने ओढलं. येईना. पुन्हा ओढलं. खालून कोणीतरी ओढलं. एकदा. हळूच. आपण दाराची कडी वाजवतो ना, तसं.

सगळे भोपळे एकदम पाण्याखाली गेले.

आणि आवाज आला. पाण्याच्या आतून. घागरीत तोंड घालून बोलावं तसा.

"सुदाम."

दादा ताठ झाला.

"सुदाम, जाळं अडकलंय रे. एकट्याने सुटत नाही. खाली ये."

बाचा आवाज! तोच. तोच जाडा, शेवटचा शब्द ओढायचा. चार वर्षांनी ऐकला मी. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. भीतीचं की कशाचं, आजवर मला सांगता येत नाही.

"गोदे, बा आहे," दादा म्हणाला. लहान पोरासारखा. "खाली अडकलाय. चार वर्षं अडकलाय."

"तो बा नाही!"

"आवाज ऐकलास ना तू?"

"सुदाम, फार गार आहे रे इथं. हात दे."

दादा होडीच्या काठावर वाकला. होडी कलली. चांद सरकत सरकत होडीखाली आला. खालून उजेड. दादाचं तोंड खालून उजळलं, आणि त्या उजेडात मला जाळं दिसलं. खोल, खोल गेलेलं. आणि जाळ्याच्या घरांतून बोटं बाहेर आलेली. एका माणसाची नव्हेत. कितीतरी. लहान, मोठी. सगळी जाळं धरून बसलेली.

"दादा! ज्या कामाने बा मेला, ते काम बा तुला सांगेल का? अरे, त्याने आपल्याला कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू दिलं का या डोहात?"

दादाला ऐकू जात नव्हतं. मनगटाचा वेढा आवळत होता. एक पाय बाहेर गेला. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. एका हाताने होडीच्या फळीखालचा कोयता शोधला. भोई जाळं तोडत नाही. घरात अन्न नसलं तरी जाळं राखतो. ते जाळं बाने विणलेलं होतं, दोन पावसाळे बसून.

"गोदे, नको!" दादा ओरडला. "बा वर येतोय!"

मी घाव घातला. एक. दोन. तिसऱ्याला दोरी तुटली.

दादा माझ्या अंगावर पडला. होडी गरगर फिरली. त्या चार मरळी तेवढ्यात तडफडल्या, धडधड उडाल्या आणि पाण्यात गेल्या. मी वल्हं घेतलं. पण जायचं कुठे? जिकडे बघावं तिकडे चांद. होडी वळली की पुढे चांद. मी मागे वल्हं मारलं तर तोच पुढून येतोय, मोठा होत होत.

मग मी डोळे मिटले.

डोळे मिटले आणि डाव्या गालाला गार लागलं. वारा! पूर्वेचा वारा सुटला होता. वस्ती उत्तरेला. वारा उजव्या गालावर घेतला की तोंड घराकडे. मी होडी फिरवली, वारा उजव्या गालावर घेतला, आणि मारलं वल्हं. डोळे उघडले नाहीत. होडीच्या बुडाला खालून बोटं घासत होती. टक. टक. सर्रर्र. मी मारत राहिले. दादा तळाशी पडून रडत होता. हाताचं कातडं सोललं.

आणि पाऊस आला. हस्ताचा, आडवातिडवा. ताडताड थेंब पाण्यावर पडले. मी डोळे उघडले, तर चांदाचे तुकडे तुकडे होऊन डोहभर पसरले होते. एकेक विझला. मग नुसता अंधार आणि पाऊस. एवढा चांगला अंधार मी जन्मात पाहिला नव्हता.

पहाटे वस्तीला लागलो. आई ओसरीवर बसलेली. आमची तोंडं पाहून म्हणाली, "काल यायला हवं होतं रे पोरांनो. एकादशी-द्वादशी एकाच दिवशी आली. काल आवस झाली. तुमच्या बाचं पान मांडलं. दुपार टळली, पण कावळा शिवला नाही."

दादा वाचला. पण त्याच्या मनगटावर दोरीचा वळ राहिला, आणि माझ्याशी तो दोन वर्षं बोलला नाही. माझ्या लग्नात अंतरपाट धरायला उभा राहिला, तेव्हा बोलला. एवढंच विचारलं, "तो बा असता तर, गोदे?"

आता दादा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्यालाही सांगितलं नव्हतं मी हे. दोरी तुटली ना, तेव्हा पाण्यातून आणखी एकदा बाचा आवाज आला होता. खूप खालून, बाकीच्यांच्या मागून. दादाने ऐकला नाही, मी ऐकला.

"बरं केलंस, पोरी. जा आता."

म्हणून सांगते, ऐका. कोंडीच्या वाटेने रात्री जाऊ नका. नदीने जायचं असलं तर अलीकडे होडी बांधा आणि दरडीवरून चालत जा. आवसेला तर त्या पाण्याकडे तोंडही करू नका. कोणी तुमच्या माणसाच्या आवाजात हाक मारली, तर ते तुमचं माणूस नाही असं समजा आणि चालू लागा.

आणि ते खरंच तुमचं माणूस असलं, तरीही थांबू नका.