बिनआयोडीनचं मीठ

सिस्टर : काका, आवाज खाली घ्या, आत पेशंट झोपलेत. आज डोस मिळणार नाही. तीनदा सांगितलं, चौथ्यांदाही तेच सांगणार.

ड्रेसर : का नाही मिळणार? डोस आलाय. शिशाचं ते जाडजूड भांडं गाडीवरून आत नेताना मी या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या बायकोच्या नावाची चिठ्ठी होती त्यावर.

सिस्टर : होती ना. डोस आलाय, आणि बाईंच्या लघवीचा रिपोर्टही आलाय. आयोडीन असायला हवं त्याच्या वीसपट निघालंय.

ड्रेसर : बाटली बदलली असेल. तुमच्याकडे ढिगानं बाटल्या येतात.

सिस्टर : दोनदा तपासलंय.

बायको : अहो, बसा जरा.

ड्रेसर : बसतोय कसला. सिस्टर, ऑपरेशन करून हिच्या गळ्यातली कॅन्सरची गाठ काढली. मग तुम्ही म्हणालात, डोसच्या आधी चार आठवडे थायरॉइडची गोळी बंद. केली बंद. भर दुपारी दोन स्वेटर घालून बसते ही. केस कंगव्याबरोबर येतात. एक वाक्य बोलायचं तर मध्ये दोनदा थांबते. हे सगळं आजच्या दिवसासाठी काढलं आणि आज तुम्ही म्हणता, घरी जा. कसा जाऊ? कुठल्या तोंडानं?

सिस्टर : मला काय हौस आहे का परत पाठवायची? नीट ऐका. गाठ काढली तरी तिच्या चार-दोन पेशी मागे राहतात. त्यांना आयोडीनची हाव असते. म्हणून आधी त्यांना उपाशी ठेवायचं आणि मग किरणं असलेलं आयोडीन द्यायचं. भुकेल्या पेशी ते अधाशासारखं ओढून घेतात आणि त्यातच मरतात. साधं कुठलं, किरणांचं कुठलं, त्यांना कळत नाही. पण त्या आधीच पोटभर जेवून बसल्या असतील, तर डोस आला तसा लघवीवाटे निघून जाणार. एवढ्यासाठी विचारतेय, आयोडीन गेलं कुठून?

ड्रेसर : मी सांगतो कुठून गेलं. माझ्या बहिणीच्या हातून.

बायको : वन्संचं नाव घेऊ नका.

ड्रेसर : घेणार. सिस्टर, पंधरा दिवस मी घरात आयोडीनचा कण येऊ दिला नाही. तीन बाजार पालथे घालून बिनआयोडीनचं मीठ आणलं. अंडी बंद, दूध बंद, मासे बंद, बेकरीचा पाव बंद. तुम्ही दिलेला कागद कपाटाच्या दारावर चांगली खळ लावून चिकटवला, येता-जाता दिसावा म्हणून. डोळ्यांत तेल घालून पहारा केला. स्वयंपाकाला तेवढी ताई आली होती. तिला सगळंच अळणी लागतं. तिनंच कुठून तरी साधं मीठ आणून घातलं असणार. सकाळी तुमचा निरोप कळला, तसा मी जिन्यात जाऊन तिला फोन केला.

सिस्टर : मग? काय म्हणाल्या?

ड्रेसर : म्हणाली, तुझ्याच बरणीतलं घातलं. मी म्हटलं, साठी ओलांडलीस आणि धडधडीत खोटं बोलतेस. माझ्या बायकोच्या जिवावर उठलीस म्हटलं.

बायको : असं म्हणालात?

ड्रेसर : मग काय आरती ओवाळू?

बायको : मला म्हणालात, नुसतं विचारलं.

ड्रेसर : तू आधीच आजारी. तुला कशाला सांगायचं? गेली ती. शेजारणीकडे किल्ली ठेवून पिशवी घेऊन गेली. शेजारणीचाच फोन आला होता.

बायको : पंधरा दिवस... माझ्यासाठी वेगळं शिजवत होत्या. आणि स्वतःही तेच खात होत्या. मला एकटीला वाईट वाटू नये म्हणून.

सिस्टर : काका, मिठानं आकडा एवढा वर जात नाही. एखाद्या दिवशी साधं मीठ पडलं असतं, तरी वीसपट नाही. दुसरं काहीतरी आहे. खोकल्याचं औषध? गुळण्यांचं? कुठं स्कॅन करून आलात?

बायको : काही नाही.

सिस्टर : (बाईंच्या पायांकडे बघत) मोज्यांच्या आत काय आहे? पट्टी?

बायको : टाचा फुटल्यात. गोळी बंद झाली तशी कातडी कोरडी पडली. चालताना रक्त यायचं.

सिस्टर : पट्टी कोण करतं?

बायको : हेच. रोज दोनदा. आधी कोमट पाण्यानं पाय धुतात.

ड्रेसर : एकतीस वर्षं ड्रेसर आहे मी, दवाखान्यात. भाजलेले, कापलेले, गाडीखाली आलेले, सगळे माझ्या हाताखालून गेलेत. माझ्या हातची जखम कधी चिघळली नाही. विचारा कुणालाही.

सिस्टर : कशानं करता ड्रेसिंग?

ड्रेसर : कशानं म्हणजे? सोल्यूशननं. गॉज भिजवून भेगांवर बसवायचा, वरून पट्टी घट्ट.

सिस्टर : कसलं सोल्यूशन?

ड्रेसर : सोल्यूशन म्हणजे सोल्यूशन. आमच्याकडे सगळे तेवढंच म्हणतात. तपकिरी असतं ते. कॅनमध्ये येतं.

सिस्टर : त्या कॅनवर काय लिहिलेलं असतं, काका?

बायको : अहो, त्या विचारताहेत.

ड्रेसर : पोव्हिडोन.

सिस्टर : पुढे?

ड्रेसर : आयोडीन.

सिस्टर : रोज दोनदा. फुटलेल्या कातडीत. वर पट्टी बांधून.

ड्रेसर : पण ते बाहेरून लावायचं असतं. ते काय कुणी पितं का? तुमच्या कागदावर सगळं खाण्यापिण्याचंच आहे. पाठ आहे मला कागद.

सिस्टर : पुढच्या बाजूला खाण्याचं आहे. मागच्या बाजूला औषधांचं. जखमेला लावायची औषधं दुसऱ्याच ओळीत आहेत.

ड्रेसर : मागच्या बाजूला?

बायको : मागची बाजू कपाटाला चिकटलीय.

ड्रेसर : मग दोन कागद द्यायला काय धाड भरली होती? एवढं जिवावरचं लिहायचं आणि ते पाठीमागे? अडाणी माणसानं काय करायचं? मी तर शिकलेला, याच धंद्यातला.

सिस्टर : ते मात्र तुमचं बरोबर आहे. मी मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घालते. पण आज डोस नाही. आज संध्याकाळपासून गोळी सुरू करायची. अजून निदान सहा आठवडे थांबावं लागेल. त्यातले शेवटचे चार आठवडे गोळी पुन्हा बंद.

बायको : पुन्हा ही थंडी.

सिस्टर : हो, बाई.

बायको : ते काढीन मी. पण त्या उरलेल्या पेशी... त्या थांबतील का सहा आठवडे?

सिस्टर : हा आजार सावकाश वाढणारा आहे. डॉक्टर म्हणाले, एवढ्यानं सहसा बिघडत नाही. बिघडणारच नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

ड्रेसर : माझ्याच हातानं. अगं, शिव्या दे मला. काहीतरी बोल.

बायको : शिव्या द्यायला दम नाही. आणि टाचांचा राग नाही मला. पाय धुवायचात तेव्हा बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण पंधरा दिवस तुम्ही घरात पोलिसासारखे वागलात. त्या ताट वाढायच्या आणि तुम्ही पहिला घास चाखून बघायचात. त्यांच्यादेखत. त्या गप्प बसल्या, माझ्याकडे बघून. आणि आज त्यांना असं बोललात, वर माझ्याशी खोटं बोललात. याचा राग आहे. तो गोळी सुरू केली म्हणून जायचा नाही.

ड्रेसर : करतो फोन. जिन्यात जाऊन येतो.

बायको : जिन्यात नाही. इथं. माझ्यासमोर.

ड्रेसर : हॅलो. ताई, मी. ठेवू नकोस. ठेवू नकोस, ऐक. तुझं मीठ बरोबर होतं. माझ्याच औषधातून गेलं. टाचांच्या. हो. हो, मीच. नाही, आज नाही दिला. बरं. बरं, देतो.

बायको : काय म्हणाल्या?

ड्रेसर : तुला द्यायला सांगतेय.

बायको : आणि तुम्हाला?

ड्रेसर : माझ्याशी सकाळीच बोलून झालं म्हणते.