शद्रकबाबांचा खोकला

मंडळी, झांजा जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्हीही दम घ्या. पद झालं, आता एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. मोकळा माणूस कुणाला म्हणायचं? ज्याच्या हातापायांत बेडी नाही, त्याला? की ज्याला कुणाची गरज नाही, कुणाचं तोंड बघावं लागत नाही, त्याला? मागच्या बाकावर माना डोलायला लागल्या! डोलू द्या. शद्रकबाबांचंही हेच म्हणणं होतं. तर आज त्यांचीच गोष्ट ऐका.

बोरदरी गावचे हे शद्रकबाबा. धंदा दोर वळायचा. घायपाताची पानं भिजवायची, कुजवायची, धुवायची, त्यातून पांढरा वाख काढायचा आणि वळत बसायचं. धाकटा भाऊ मेशक, त्याचाही हाच धंदा. बापाला पवित्र शास्त्राची, बायबलाची भारी गोडी! राजानं आगीच्या भट्टीत टाकलेल्या त्या तीन भक्तांची नावं त्यानं पोरांना द्यायला घेतली. तिसऱ्या खेपेला अबेदनगो ठरलेलाच होता, पण झाली मुलगी. वाचली बिचारी!

दोघे भाऊ एकजीव. एक पीळ द्यायची फिरकी फिरवी, दुसरा दोराचं टोक धरी. मग गावच्या ख्रिस्ती देवळाला नवी घंटा आली. घंटेचा दोर दोघांनी मिळून वळला, आठ दिवस खपून, देवाचं काम म्हणून. रविवारी तेव्हाचे पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "घंटेचा दोर आपल्या मेशकभाऊंनी वळून दिला, त्यांचे आभार मानू या."

झालं! एक नाव राहून गेलं. शद्रकबाबांनी भावाकडे बघितलं. आता हा उठेल, आता म्हणेल, दादा पण होता. मेशक काही उठला नाही. मान खाली घालून बसून राहिला.

एवढ्यावरून? मंडळी, हसू नका! तुमच्या घरात लग्नाच्या पत्रिकेत एक नाव राहिलं तेव्हा काय काय झालं, ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी शद्रकबाबांनी अंगणात एक बाभळीचा खांब रोवला. मेशकच्या जागी खांब! दोराचं टोक त्याला बांधायचं आणि एकट्यानं वळायचं. बायकोला, सालोमीबाईला, म्हणाले, "आता म्या सुटलो. ह्यो खांब बोलत न्हाय, आभार घेत न्हाय. म्या मोकळा!"

मोकळा! अहो, विहीर मेशकच्या आळीत, म्हणून बाबा ओढ्याला वळसा घालून पाण्याला जायचे. देवळात मेशक उजवीकडे, म्हणून हे डावीकडे, तेही मान न वळवता. प्रभुभोजनाचा द्राक्षरसाचा प्याला एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात फिरायला लागला की हे उठायचे आणि बाहेर जायचे. कशाला? तर चपला बघायला! देवळाबाहेरच्या चपलांवर चौदा वर्षं इतकी कडक राखण दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसेल.

आणि खोकला! प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सगळे मिळून म्हणायचे. बाबांचा आवाज खणखणीत. पण ती ओळ आली, की आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर... खॉक्! खॉक्! खॉक्! ओळ संपली की खोकलाही संपला, आणि बाबा पुढं म्हणायला लागले. मंडळीला सवय झाली होती. नवे पाळकसाहेब आले, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! म्हणाले, "बाबा, आल्याचा काढा घेत जा."

सालोमीबाई मात्र जाणून होती. घरी एवढंच म्हणाली, "अवो, मरायच्या आधी एकदा तरी त्यो प्याला माझ्याशेजारी बसून घ्या. म्या चौदा वर्सं एकटी घेतीय."  त्या दिवशी बाबांना भाकरी गोड लागली नाही. कारण खरं सांगायचं तर त्यांनाही तो प्याला हवा होता. फार हवा होता.

आता सुगीचा सण आला. उपकारस्तुतीच्या रविवाराला पंधरा दिवस राहिले आणि घंटेचा दोर तुटला. पाळकसाहेब बाबांकडे आले. "बाबा, सणाला घंटा वाजायला हवी."

"वाजंल की साहेब! म्या एकटा वळतो."

बाबांनी वाख घेतला. आता दोर वळायची एक रीत आहे, ती सांगतो. लहान दावं असलं तर फिरकी हातात धरून आपणच पुढं सरकता येतं. पण घंटेचा दोर तीन पेडांचा, चाळीस हात लांब. त्याची फिरकी जमिनीत रोवावी लागते. ती फिरली की दोर पिळतो, आणि पिळला की आखडतो. मग टोक धरणाऱ्यानं अंदाज घेत एकेक पाऊल पुढं यायचं असतं. माणूस येतो. खांब कसा येणार?

बाबांनी पहिल्यांदा वळला, दोर ताणला गेला आणि पेड तुटला. दुसऱ्यांदा ढिला ठेवला, तर पीळ गुंतून जागोजागी अढ्या पडल्या. तिसऱ्यांदा तर खांबच उपटून आला! बाबा खांबावर ओरडले, "आरं, जरा म्होरं सरक की!" शेजारीण भिंतीवरून बघत होती. तिनं सगळ्या आळीला सांगितलं.

दुपारी बाबा थकून ओट्यावर बसले, वाख विंचरायला. सालोमीबाई रोज त्या वेळी त्यांना शास्त्र वाचून दाखवी, बाबांना वाचता येत नव्हतं. त्या दिवशी नेमकी भट्टीची गोष्ट निघाली. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेली! त्या तिघांना दोरांनी करकचून बांधलं. भट्टीत टाकलं. राजा बघतो तर आत चौघे! मोकळे फिरतायत. अंगाला धग नाही, केस करपले नाहीत, कपड्याला जळका वास नाही.

बाबांचा हात थांबला. "आन् दोरांचं काय झालं?"

सालोमीबाईनं पान वरखाली बघितलं. "ते न्हाय लिव्हलं."

"बांधून टाकलं व्हतं ना? मग आत मोकळं कसं फिरत्यात?"

"जळालं असतील दोर."

"म्हंजी जळाले ते दोरच," बाबा हळूच म्हणाले. "त्यांचं दुसरं काय बी न्हाय गेलं."

मंडळी, शास्त्री-पंडितांनी या गोष्टीवर व्याख्यानं दिली असतील. दोरांचं काय झालं, हे विचारायला दोर वळणाराच लागतो! बाबांनी वाख बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सालोमी, ते दोर बी कुणीतरी वळलंच असतील. माझ्यावानी कुणीतरी बसून. त्याला काय ठावं, कुणाला बांधायला चाललेत ते." आणि आपल्याच हाताकडे बघायला लागले. "म्या तर दोर माझ्यासाठीच वळला की गं. चौदा वर्सं. क्षमा केली तर माझं कायतरी जाईल, याचं भ्या वाटत व्हतं मला. काय जाणार व्हतं? दोरच ना?"

सालोमीबाईच्या डोळ्यांना धार लागली. ती म्हणाली, "आन् त्या आगीत एकट्याला जायचं न्हाय तुमास्नी. चवथा हाय ना संगं."

तो चौथा कोण, हे या देवळात बसलेल्यांना सांगायला नको. ज्याचे हात आपण खिळ्यांनी ठोकले आणि ज्यानं त्याच हातांनी आपल्याला सोडवलं, तो! बाबांच्या आत उजेड पडला तो त्याच्या नावानं. उठले, वाख खांद्यावर टाकला, आणि चालले. ओढ्याच्या वाटेनं नाही. सरळ, विहिरीच्या आळीनं.

मेशकच्या अंगणात जाऊन बघतात तो काय! तिथंही एक खांब. दोरानं झिजून झिजून मधेच बारीक झालेला. चौदा वर्षं हाही एकट्यानंच वळत होता.

मेशक ओट्यावरून उठला. 

बाबा म्हणाले, "मेशक, टोक धर."

बस, एवढंच. मेशकनं टोक धरलं. बाबांनी तिथलीच फिरकी फिरवायला घेतली. पीळ चढला, दोर आखडला, मेशक एक पाऊल पुढं आला. पुन्हा पीळ, पुन्हा एक पाऊल. ऊन उतरेपर्यंत दोर वळून होत आला, तेव्हा मेशक खाली बघत म्हणाला, "दादा, त्या दिशी म्या उठून बोलाया पायजे व्हतं. आपलं नाव ऐकून बरं वाटलं मला. म्हणून गप ऱ्हायलो. दुसऱ्या दिशी येणार व्हतो, तर तू खांब रवलेला."

"व्हय," बाबा म्हणाले, "खांब म्याच रवला." आणि फिरकी सोडून दोराच्या कडेनं धावत जाऊन भावाच्या गळ्यात पडले. दोर घसरला, एक अढी पडली. ती त्यांनी तशीच ठेवली, आजही हाताला लागते म्हणतात.

रविवारी घंटा वाजली. देऊळ भरलं. प्रार्थना सुरू झाली आणि ती ओळ जवळ आली. सगळी मंडळी सवयीनं खोकल्यासाठी थांबली! पाळकसाहेबसुद्धा थांबले. आणि त्या शांततेत एकटे शद्रकबाबा, खणखणीत आवाजात, ती ओळ शेवटपर्यंत म्हणाले. मग प्याला आला. मेशकनं घेतला, दादाच्या हातात दिला. दादानं घेतला, सालोमीच्या हातात दिला. चपलांची राखण त्या दिवशी कुणीच केली नाही, आणि एकही चप्पल हरवली नाही.

तर मंडळी, मोकळा कोण? आता कुणाची मान डोलत नाही, बरं का! मीही अजून पुरता मोकळा झालो नाही, इथे उभा राहून मोठेपणा सांगत नाही. पण प्रभू ज्याला सोडवतो तो खरोखर सुटतो, हे मी पाहिलं आहे. तुमच्या अंगणातला खांब मला दिसत नाही. तो कुणाच्या जागी रोवला आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

उठा आता. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना सगळे मिळून म्हणू. सावकाश म्हणा. त्या ओळीला मी जरा थांबणार आहे, कुठून खोकला येतो ते ऐकायला.